वसतिगृहातील काचपेटी

वसतिगृहातील खोली ही राहण्याची जागा असली, तरी तिला घर म्हणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. लोखंडी खाट, भिंतीतील कपाट, खिळ्याला टांगलेली पिशवी, खिडकीच्या गजावर वाळत घातलेला टॉवेल आणि टेबलावर रचलेली ग्रंथालयाची पुस्तके, असा तिचा एकूण संसार असतो. यातील निम्म्या वस्तू संस्थेच्या असतात आणि उरलेल्या निम्म्या एका पेटीत मावतील अशा बेताच्या असतात. विद्यार्थी खोलीत येतो तेव्हाच त्याच्या जाण्याचा महिना ठरलेला असतो. त्यामुळे या खोलीतील प्रत्येक वस्तू हलकी, सुटसुटीत आणि निरोपाला तयार असते. अशा खोलीत कोणी सुमारे पन्नास लिटर पाणी आणि त्यात वावरणारे जीव आणून ठेवले, तर खोलीचा स्वभावच बदलतो. पाणी पेटीत भरून नेता येत नाही, आणि जीव कपाटात ठेवून कुलूप लावता येत नाही.

वर्धा शहरातील एका वसतिगृहात, पहिल्या मजल्यावरील एका खोलीत, २००९-१० या शैक्षणिक वर्षात असे घडले. आष्टी तालुक्यातील एका खेड्यातून मराठी विषयात एम.ए. करण्यासाठी आलेला एक विद्यार्थी त्या खोलीत राहत होता. त्याचा सहनिवासी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी होता. आधीच्या वर्षी राहून गेलेल्या कोणा अनामिकाने दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचपेटी मागे सोडली होती. व्हरांड्याच्या कोपऱ्यात पडलेल्या त्या पेटीत तोवर मुलांच्या चपला ठेवल्या जात. मराठीच्या या विद्यार्थ्याने ती धुतली, एका कोपऱ्यातून पाझरत होती तिथे सिलिकॉन भरले, तळाशी नदीची धुतलेली रेती पसरली आणि खिडकीपासून थोड्या अंतरावर भक्कम लाकडी टेबलावर ठेवली. हे त्याने का केले, याचे उत्तर त्याला स्वतःलाही देता आले नसते. संध्याकाळी दिवे लागल्यावर गावाकडच्या घराची आठवण येते, त्या वेळी डोळ्यांसमोर काहीतरी हलणारे असावे, एवढीच कदाचित त्यामागची प्रेरणा असेल.

मासे त्याने विकत घेतले नाहीत. त्याचे मामा प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेवक होते आणि केंद्राच्या आवारातील सिमेंटच्या हौदात गप्पी मासे वाढवून गावोगावच्या नाल्यांत व डबक्यांत सोडणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. डासांच्या अळ्या हे या माशांचे आवडते अन्न असल्याने हिवताप व डेंग्यू यांच्या प्रतिबंधासाठी महाराष्ट्रभर त्यांचा असा उपयोग केला जातो. “नालीत सोडाचे मासे हायेत हे, तू काचंत कायले ठेवतं?” असे म्हणत मामांनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत वीस मासे घालून दिले. बरणी मांडीवर घेऊन त्याने आष्टी ते वर्धा हा प्रवास एस.टी.ने केला.

गप्पी हा शब्द मराठी कानाला परका वाटत नाही. एका बाजूला ‘गप्प’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गप्पा’ असे दोन सख्खे शेजारी त्याला मराठीत लाभलेले आहेत. खेड्यात कोणी या नावाचा अर्थ विचारला, तर ‘मासा बोलत नाही म्हणून गप्पी’ असे सहज सांगितले जाते. लोकव्युत्पत्तीचे हे नमुनेदार उदाहरण म्हणता येईल. वास्तविक हे एका माणसाचे आडनाव आहे. त्रिनिदाद बेटावर राहणारे निसर्गाभ्यासक रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांनी या माशाचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले आणि अल्बर्ट गुंथर यांनी १८६६ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ या माशाला त्यांचे नाव दिले. पुढे असे दिसून आले की या माशाचे वर्णन १८५९ मध्येच दुसऱ्या नावाने झालेले होते. नियमाप्रमाणे शास्त्रात ते जुने नाव कायम राहिले. गप्पी यांचे नाव शास्त्रातून गेले, पण लोकांच्या जिभेवर टिकले. १९०८ मध्ये हा मासा भारतात आणला गेला आणि त्यानंतर केव्हातरी वऱ्हाडातील नाल्यांच्या काठी येऊन मराठी झाला. शब्दांचे स्थलांतर शिकवताना ज्या उदाहरणांची उणीव भासते, त्यांपैकी एक त्या खोलीत पोहत होते.

पहिल्या दहा दिवसांत वीसपैकी नऊ मासे मेले. रोज सकाळी एखाददुसरा पाण्यावर आडवा तरंगताना दिसे. पाणी तर स्वच्छ होते, अगदी आरपार दिसावे इतके स्वच्छ. ते वेळच्या वेळी बदललेही जात होते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावे म्हणून ते रात्रभर बादलीत उघडे ठेवण्याची काळजीही घेतली जात होती. मग हे मरण कशामुळे? प्राणिशास्त्राच्या सहनिवाशाने त्याचा उलगडा केला. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया मिसळतो व तो त्यांना विषासारखा असतो. काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते बऱ्याच प्रमाणात सोसवते. हे जिवाणू विकत आणून घालावे लागत नाहीत. ते आपसूक येतात, रेतीच्या कणांवर व काचेवर चिकटून वाढतात. मात्र त्यांची पुरेशी वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीतील पाणी दिसायला स्वच्छ असते, पण ते राहण्याजोगे झालेले नसते. ते घाईघाईने पुन्हा पुन्हा पूर्ण बदलून आणि रेती घासून धुऊन विद्यार्थ्याने जिवाणूंची जेमतेम रुजू लागलेली वस्ती प्रत्येक वेळी उधळून लावली होती. स्वच्छतेच्या अतिरेकाने मासे मारले, असा या चिकित्सेचा निष्कर्ष होता.

ही गोष्ट त्याच्या मनात खोल रुतली. वसतिगृहात आल्यावरचे स्वतःचे पहिले सहा आठवडे त्याला आठवले. मेसच्या जेवणात, नळावरच्या रांगेत, वर्गातल्या प्रमाण मराठीत आणि इतरांच्या हसण्यात त्या काळात असे काहीतरी मिसळलेले होते की जे डोळ्यांना दिसत नव्हते, पण श्वासाला जाणवत होते. त्याच्या बोलीतील ‘ळ’चा ‘य’ होतो याचे कोणाला तरी हसू आले होते आणि नंतर पंधरा दिवस तो वर्गात अवाक्षर बोलला नव्हता. पुढे हे हळूहळू सुसह्य झाले. कोणी मुद्दाम काही केले असे नाही. वावरता वावरता पाणी तयार झाले. त्या कठीण दिवसांत गावाकडे परत गेलेली दोन मुलेही त्याला आठवली. त्यांच्या खाटांवर नंतर दुसरी मुले आली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाला काचपात्रात हाच प्रश्न पडला होता. दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती एकत्र ठेवली, तर एकाने सोडलेला वायू दुसऱ्याला उपयोगी पडावा, अशी त्याची कल्पना होती. पण वनस्पतीची कुजणारी पाने पाणी नासवू लागली. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पात्रातील जीवन स्थिरावले. हा प्रयोग त्याने १८५० मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय सुरू झाले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचवला. आपल्याकडे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन १९५१ मध्ये झाले. वर्ध्याच्या खोलीतील पेटीला या इतिहासाची जाण असण्याचे कारण नव्हते. पण धाम नदीतून आणलेली हायड्रिलाची जुडी आणि तिच्याबरोबर अभावितपणे आलेल्या दोन गोगलगायी यांनी तिथेही तेच काम केले. ऑगस्टच्या अखेरीस उरलेले अकरा मासे स्थिरावले.

पण मासे पाळण्याची कल्पना केवळ विलायती आहे, असे मानण्याचे कारण नाही. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा येतो आणि म्हणतो, की माझे पालन कर, मी तुला तारीन. लहान असेपर्यंत आम्हांला मोठ्या माशांचे भय असते, असे कारणही तो देतो. मनू त्याला आधी घटात ठेवतो. तो वाढतो तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवतो. आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडतो. पुढे प्रलय, नौका आणि माशाच्या शिंगाला बांधलेला दोर हा भाग येतो. तो सर्वांच्या परिचयाचा असल्याने पूर्वार्धाकडे सहसा लक्ष जात नाही. त्या पूर्वार्धात पालनाची सगळी जबाबदारी सांगितली आहे. माशाला आश्रय हवा आहे, पण घट हा त्याचा कायमचा मुक्काम नाही. जो त्याला घटात घेतो, त्यानेच त्याला पुढच्या पाण्यापर्यंत पोहोचवायचे आहे. आपल्या संतकवितेत पाण्यावाचून तळमळणारी मासोळी वारंवार येते. तिथे मासोळी म्हणजे भक्त आणि पाणी म्हणजे परमेश्वर असतो. काचपेटी ठेवणाऱ्या माणसाची अडचण अशी, की या रूपकात तो नकळत पाण्याच्या जागी जाऊन बसतो आणि ते पद काही त्याला पेलणारे नसते.

सप्टेंबरमध्ये एका मादीला पिले झाली. गप्पी अंडी घालत नाही. सुमारे चार आठवड्यांनी ती जिवंत पिलांना जन्म देते. सकाळी हायड्रिलाच्या पानांत पापणीच्या केसाएवढे वीस-पंचवीस जीव थरथरताना दिसले, तेव्हा शेजारच्या खोल्यांतील मुले पाहायला आली. दुपारपर्यंत त्यांतील निम्मे नाहीसे झाले होते. आईनेच ते खाल्ले होते. मात्स्यन्याय हा शब्द त्याने शाळेपासून ऐकला होता. मोठा मासा लहान माशाला खातो, एवढा त्याचा अर्थही ठाऊक होता. पण तो मोठा मासा लहान माशाची जन्मदात्री असू शकतो, हे त्या शब्दात कुठे सांगितलेले नव्हते. सहनिवाशाने या घटनेचे भावनिक अर्थ लावू दिले नाहीत. पिलांना लपायला जागा कमी आहे; झाडे वाढव, एवढेच त्याने सांगितले. झाडे वाढवली. पुढच्या वेळी बरीच पिले जगली. करुणेपेक्षा झुडपे अधिक उपयोगी पडतात, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याला थोडी जड गेली, पण पटली.

माशांचे अन्नही वसतिगृहातच होते. विदर्भातील प्रत्येक खोलीप्रमाणे तिथेही लोखंडी पत्र्याचे कूलर होते. उन्हाळा संपल्यावर त्यांच्या टाक्यांत थोडे पाणी राहून जाई, त्यात पावसाचे मिसळे, आणि आठवडाभरात तिथे डासांच्या अळ्या वळवळू लागत. विद्यार्थी चहाच्या गाळणीने त्या गोळा करून पेटीत टाकी. मासे ज्या वेगाने त्यांवर झेपावत तो पाहण्यासाठी मुले रात्री जेवणानंतर जमू लागली. कोणी परीक्षेबद्दल बोले, कोणी घरच्या कर्जाबद्दल, कोणी नुसतेच गप्प बसून पाही. बोलताना माणसांकडे न पाहता पाण्याकडे पाहता येत असल्याने असेल, पण एरवी न निघणारे विषय त्या पेटीसमोर निघत. वर्धा हा कापसाचा जिल्हा. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. त्या मुलांपैकी काहींच्या घरी या बातमीला नाव आणि चेहरा होता. गप्प आणि गप्पा यांच्यामधील जागा किती अरुंद असते, हे त्या दिवसांत त्या खोलीत कळत होते.

जानेवारीत कापूस विकून झाल्यावर विद्यार्थ्याचे वडील फी भरण्यासाठी वर्ध्याला आले. खाटेवर बसून पाणी पीत असता त्यांची नजर पेटीकडे गेली. विद्यार्थी मनातून ओशाळला. प्यायच्या पाण्यासाठी गावात मायला किती चालावे लागते हे त्याला माहीत होते, आणि इथे दर आठवड्याला एक बादली पाणी तो माशांसाठी बदलत होता. वडील मात्र रागावले नाहीत. बराच वेळ ते उकिडवे बसून काचेतून पाहत राहिले आणि मग म्हणाले, “आपल्या इहिरीतयी मासे व्हते. तुह्या आज्यानं वर्धेच्या डोहातून घागरीत आनले व्हते. पानी साफ राह्यते म्हने.”

विहिरीत मासे किंवा कासव सोडण्याची ही रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. विद्यार्थ्याने विचारले, की मग त्या माशांचे काय झाले? वडिलांनी सांगितले, की एका उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला गेले. तेव्हा आजोबांनी मासे पुन्हा घागरीत भरले आणि पाऊण कोसावरच्या दुसऱ्या एका विहिरीत नेऊन सोडले. त्या विहिरीच्या मालकाशी त्यांचे धुऱ्यावरून भांडण होते, बोलणेही बंद होते. तरीही ते गेले. “पानी आटलं म्हनून मासे मरू देता येत नाही बाबू. ज्यानं आनले, त्यानंच न्याचे अस्ते.” एवढे बोलून त्यांनी फीची पावती खिशात नीट घडी करून ठेवली आणि निघाले.

याच सुमारास एका रविवारी वर्गातील मुलांसमवेत तो सेवाग्रामला गेला. १९३६ मध्ये गांधीजी या गावात राहायला आले तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. आश्रमातील मातीच्या कुटीतले मोजके साहित्य पाहताना, अपरिग्रहाच्या या भूमीपासून काही मैलांवर आपण हौसेखातर जीव बाळगून आहोत, या विचाराने तो अस्वस्थ झाला. तिथेच साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि साप ठेवण्याचा पिंजरा त्याच्या पाहण्यात आला. या परिसरात साप पुष्कळ निघत; त्यांना मारायचे नाही असा आश्रमाचा नियम असल्याने ते पकडून दूर नेऊन सोडले जात. पिंजरा हा कोंडण्यासाठी असतो, अशी त्याची तोवरची समजूत होती. हा पिंजरा मात्र नेऊन सोडण्यासाठी होता. दार दोन्हींना असते; फरक ते दार पुढे कोणत्या जागी उघडायचे हे ठरलेले असण्यात असतो. आपल्या काचपेटीचे दार कोणत्या जागी उघडणार आहे, हे त्याने ठरवलेले नव्हते.

एप्रिल सुरू झाला. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्याचे वर्णन सांगावे लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३५ अंशांना तो सातच्या आत येतो. माशांची प्राणवायूची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढत जाते. पाच वॉटचा एक लहानसा हवापंप हे अंतर भरून काढत होता, आणि पेटी कूलरच्या वाऱ्यात ठेवल्याने पाण्याचे तापमानही थोडे आटोक्यात राहत होते. परंतु ते भारनियमनाचे दिवस होते. वीज ठरलेल्या वेळी जाई आणि कधी कधी ठरलेल्या वेळी परत येत नसे.

एप्रिलमधल्या एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. पंप थांबला, कूलर थांबला. अकराच्या सुमारास मेणबत्तीच्या उजेडात दिसले, की सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करीत आहेत. पाणी हाताला कोमट लागत होते. सहनिवाशाने स्टीलचा लोटा घेतला, पेटीतील पाणी भरले आणि हातभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतले. पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा आत जाते, हे त्यामागचे साधे तत्त्व. मग विद्यार्थ्याने लोटा घेतला. दोघे थकले तेव्हा शेजारच्या खोलीतील एकजण आला, नंतर आणखी एक. उद्या त्यांपैकी दोघांचा पेपर होता. उघड्या अंगाने, घामाने निथळत, एकजण ओतत होता आणि दुसरा त्याला कंदिलाखाली प्रश्न विचारत होता. वर्गात ज्या मुलाला त्याच्या बोलीचे हसू आले होते, तोही रात्री दोननंतर येऊन लोटा हातात घेऊन उभा राहिला. त्याविषयी दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही. पहाटे चारला वीज आली, पंपाची गुरगुर सुरू झाली आणि पाण्यात बुडबुड्यांची ओळ पुन्हा वर चढू लागली. तीन मासे मेले होते. बाकीचे खाली उतरून हायड्रिलाच्या सावलीत गेले होते.

परीक्षा संपताच वसतिगृह रिकामे करण्याची सूचना फलकावर लागली. आता प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. मासे गावी नेले, तर तिथे विजेचा भरवसा नाही. खोलीत ठेवले, तर दीड महिना पाहायला कोणी नाही. सर्वांत सोपा मार्ग मित्रांनी सुचवला: पवनारला धाम नदीत सोडून द्यावेत. १९३८ पासून विनोबांचे वास्तव्य असलेल्या आश्रमाच्या पायथ्याशी वाहणारी ती नदी; जीवांना मुक्त करण्यासाठी याहून सुंदर जागा कोणती? विद्यार्थ्यालाही ती कल्पना भावली. सहनिवाशाने मात्र ठाम विरोध केला. गप्पी हा परदेशी मासा आहे. तो कुठल्याही पाण्यात तग धरतो, भराभर वाढतो, नदीतील लहान माशांचे अन्न आणि जागा बळकावतो, त्यांची पिलेही खातो. डासांच्या अळ्या खाणारे आपले देशी मासेही आहेत आणि जिथे ते आहेत तिथे गप्पीला नेणे हा उपकार नव्हे. बंदिस्त हौदात किंवा साचलेल्या नालीत त्याचा उपयोग. वाहत्या नदीत त्याचा उपद्रव. मुक्त करण्याचे समाधान आपल्याला मिळेल, पण त्याची किंमत नदीतले मासे भरतील, असे त्याने सांगितले. सेवाग्रामच्या पिंजऱ्यावरून लावलेल्या अर्थाला यामुळे मर्यादा पडली. दार उघडणे पुरेसे नसते. कोणत्या पाण्यात उघडायचे, याचेही ज्ञान असावे लागते. मनूने त्या माशाला समुद्रात सोडले, कारण तो मुळातच त्या पाण्याचा होता.

शेवटी वडिलांचे बोलणेच उपयोगी पडले. ज्याने आणले, त्यानेच न्यायचे. आणि जिथून आणले, तिथे न्यायचे. पहाटे, उन्हे चढण्यापूर्वी, विद्यार्थ्याने पेटीतलेच पाणी एका दुधाच्या कॅनमध्ये भरले आणि चहाच्या त्याच गाळणीने एकेक मासा त्यात सोडला. वीस मासे आले होते. परत जाताना ते ६३ भरले. पाच वाजताच्या एस.टी.त कॅनचे झाकण अर्धवट उघडे ठेवून तो बसला. वाहकाने वाकून आत पाहिले, दुधाऐवजी मासे पाहून काही क्षण विचार केला आणि पुढे तिकिटे फाडायला निघून गेला. वाटेत आर्वीच्या स्थानकावर त्याने कॅनवर ओले फडके गुंडाळले. आठ-साडेआठच्या सुमारास आरोग्य केंद्राच्या हौदाशी मामा उभे होते. हौदावर कडुनिंबाची सावली होती. कॅन लगेच उपडी न करता मामांनी ती हौदाच्या पाण्यात अर्धी बुडवून ठेवायला सांगितली. आतले आणि बाहेरचे पाणी सारखे झाल्याशिवाय मासे सोडायचे नसतात. पाव तासाने कॅन कलती केली. क्षणभर मासे तोंडाशी घोटाळले आणि मग हौदातील शेकडो माशांत मिसळले. त्यांतील आपले कोणते, हे नंतर ओळखता आले नाही. मामांनी विचारले, “किती मेले?” त्याने आकडा सांगितला. जन्मलेल्यांचा आकडा मामांनी विचारला नाही आणि त्यानेही सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला परतून त्याने पेटी रिकामी केली. रेती धुऊन वाळत घातली, हायड्रिला धामेत नेऊन टाकली, काच ओल्या कापडाने पुसली. वरच्या कडेपासून तीन बोटे खाली एक पांढरी रेघ होती. ती पुसली गेली नाही. या भागातील काळ्या खडकातून पाझरून येणाऱ्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात. पाण्याची वाफ होते तेव्हा ती एकटीच जाते. विरघळलेले सारे मागे राहते आणि काठावर साचत जाते. वर्षभर जिथवर पाणी भरलेले होते, त्याची ती खूण होती. पेटी त्याने कपाटाच्या माथ्यावर पालथी घालून ठेवली आणि किल्ली कार्यालयात जमा केली.

जुलैत परतल्यावर त्याला दुसरी खोली मिळाली. तिथे तीन खाटा होत्या आणि टेबलाला जागा नव्हती. जुन्या खोलीत समुद्रपूरकडचा एक नवा विद्यार्थी आला होता. आठ दिवसांनी तो शोधत आला. कपाटावरची पेटी तुमची का, मी वापरली तर चालेल का, असे त्याने संकोचत विचारले. त्याच्या बोलण्यातही ‘ळ’चा ‘य’ होत होता. विद्यार्थी त्याच्याबरोबर जुन्या खोलीत गेला, दोघांनी मिळून पेटी खाली उतरवली. आधी पाणी भरून ठेव, मासे लगेच आणू नकोस, निदान महिनाभर तरी थांब, असे त्याने सांगितले.

“पाणी कुठवर भरायचं?” त्या मुलाने विचारले.

त्याने काचेवरील पांढऱ्या रेघेवर बोट ठेवले.